एकच गियर, दोन वाटा: रोड बाइकची चेन तिरकी का धावते

पुढे दोन चकत्या, मागे अकरा. गुणाकार केला की २२ गियर. रोड बाइक नवी घेतलेला माणूस हा आकडा मोठ्या हौसेने सांगतो. आकडा खोटा नाही, पण फुगवलेला आहे. या २२ पैकी सहा-सात गियर दुसऱ्या कुठल्या तरी गियरची नक्कल असतात, आणि दोन-चार असे असतात की ते न वापरलेलेच बरे. कोणते आणि का, हे एकदा कळलं की पाठ करत बसावं लागत नाही.

उदाहरणाला एक नेहमीची मांडणी घेऊ. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या. मागे कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचावर, ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५ आणि २८ दाते. गियर किती जड आहे ते काढायचं तर पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचं. पुढे ५० आणि मागे २५ असेल तर उत्तर २, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोन फेरे फिरतं. आता पुढे ३४ आणि मागे १७ घ्या. उत्तर पुन्हा २.

आणखी एक जोडी बघा. ५० भागिले २८ म्हणजे १.७९, आणि ३४ भागिले १९ म्हणजेही १.७९. मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत पॅडल मारलं तर दोन्हीकडे वेग ताशी साधारण २० किलोमीटर. डोळे मिटून सायकल चालवता आली असती तर आपण कोणत्या जोडीत आहोत हे पायांना सांगताच आलं नसतं. चेनला मात्र ते चांगलंच कळतं. यातली एक जोडी तिच्यासाठी जवळपास सरळ रस्ता आहे आणि दुसरी सगळ्यात वाकडा.

सायकलच्या मागे उभं राहून, डोळे चेनच्या उंचीवर आणून बघितलं की हे लगेच दिसतं. पुढच्या दोन चकत्या एकमेकींपासून साधारण सात-आठ मिलिमीटर अंतरावर असतात, मोठी बाहेरच्या बाजूला आणि लहान फ्रेमच्या बाजूला. मागे क्रम उलटा: सगळ्यात मोठी चकती चाकाच्या आऱ्यांना खेटून आत आणि सगळ्यात लहान टोकाला बाहेर. अकरा चकत्यांच्या कॅसेटची रुंदी पहिल्या चकतीपासून शेवटच्या चकतीपर्यंत पावणेचार सेंटीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे पुढे जेमतेम बोटभर जागेत दोन मुक्काम, आणि मागे तीन बोटांच्या रुंदीत अकरा. पुढच्या प्रत्येक चकतीसमोर मागची एखाद-दुसरीच चकती अगदी सरळ रेषेत येऊ शकते. या मांडणीत मोठ्या चकतीसमोर १५ च्या आसपासचा भाग येतो आणि लहान चकतीसमोर १९ च्या आसपासचा. तिथून जितकं दूर जाल तितकी चेन तिरकी.

मोठ्या चकतीवरून २८ वर जायचं तर चेनला बाहेरून पार आतपर्यंत यावं लागतं. लहान चकतीवरून ११ वर जायचं तर आतून पार बाहेर. दोन्ही टोकांना चेन सुमारे २२ मिलिमीटर बाजूला सरकते. रोड बाइकमध्ये क्रँकपासून (पॅडल जिथे फिरतात त्या आसापासून) मागच्या हबपर्यंतचं, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंतचं, अंतर आधीच कमी, ४१ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे हा कोन साधारण ३ अंशांचा होतो. ऐकायला किरकोळ वाटतो. सायकलची चेन मुळात थोडी लवचीक बनवलेली असते, त्यामुळे ती तुटत वगैरे नाही. पण प्रत्येक कडी दात्यावर चढताना आणि उतरताना बाजूला घासते, आणि ते मिनिटाला हजारो वेळा होतं.

सायकलवाले या दोन टोकांना सरळ ‘मोठी-मोठी’ आणि ‘लहान-लहान’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी दोन्हींना एकाच सुरात ‘चूक’ म्हणून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. कोन दोन्हीकडे जवळपास सारखाच असला तरी गुन्हा सारखा नाही.

लहान-लहान जोडीचं आधी पाहू, कारण खरी वाईट ती आहे. चेनची लांबी ठरलेली असते. मोठ्या-मोठ्या जोडीत ५० आणि २८ मिळून ७८ दाते, आणि लहान-लहान जोडीत ३४ आणि ११ मिळून ४५. फरक ३३ दात्यांचा. चेन प्रत्येक चकतीला साधारण अर्धा वेढा घालते, म्हणून साडेसोळा कड्या उरतात. एका कडीचं अंतर १२.७ मिलिमीटर धरलं तर ही सुमारे २१ सेंटीमीटर जास्तीची चेन झाली. ती गिळून टाकायचं काम मागच्या डिरेल्युअरचं, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रणेचं. त्याचा खालचा लांबट पिंजरा पाय पोटाशी घेऊन झोपल्यासारखा मागे दुमडतो, स्प्रिंग जवळपास सैल पडते आणि चेनला ताण उरत नाही. खड्ड्यातून गेलात की ती थडथड उडते आणि फ्रेमवर आपटते.

त्याच वेळी वरच्या बाजूला, जिथे तुमचा जोर लागतो, तिथे उलटं घडत असतं. पॅडलवर पाय तेवढ्याच जोराने दाबला तर लहान चकतीवर चेनला जास्त ओढ बसते, कारण तरफेचा हात आखूड झाला. ५० ऐवजी ३४ म्हणजे चेनवरचा ताण जवळपास दीडपट. तो सगळा ताण मागे ११ दात्यांच्या चकतीवर, तिच्या पाच-सहा दात्यांनी झेलायचा. त्यात भर म्हणजे ११ दात्यांवरून जाताना प्रत्येक सांधा सुमारे ३३ अंशांत वाकतो, १९ दात्यांवर तोच १९ अंशांत. घर्षण होतं ते सांधा वाकताना, त्यामुळे लहान चकतीवर चेन जास्त झिजते आणि जास्त शक्ती खाते. शिवाय ११ दात्यांची चकती खरं तर गोल नसते, अकरा बाजूंची असते. एकेका दात्यागणिक चेनचा वेग सुमारे ४ टक्क्यांनी कमी-जास्त होतो. २८ वर हा हिसका १ टक्क्याहूनही कमी. ११ वर पायाखाली जी बारीक खरखर जाणवते, तिचा एक भाग हा असतो.

एवढ्यावर थांबत नाही. लहान चकतीवरची चेन तिरकी होऊन बाहेर निघाली की तिच्या वाटेत शेजारची मोठी चकती येते. मोठ्या चकतीच्या आतल्या अंगाला छोट्या पिना आणि उतार केलेले असतात. चेन वर चढवताना तिला उचलून घ्यायला ते लागतात. आपण चेन चढवत नसतानाही त्या पिनांना चेन घासते, आणि कधी कधी त्या तिला उचलू बघतात. पुढून येणारा तो खर्र-खर्र आवाज बऱ्याचदा हाच असतो, आणि लोक मात्र डिरेल्युअरचे स्क्रू पिळत बसतात.

आता मोठी-मोठी. तिथेही चेन तिरकी आहे, ताणलेली आहे, पुढच्या डिरेल्युअरच्या आतल्या पत्र्याला घासते आहे. पण चकत्या मोठ्या असल्यामुळे सांधे कमी वाकतात, ओढ कमी, भार जास्त दात्यांवर वाटलेला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पाइसर आणि सहकाऱ्यांनी चेनची कार्यक्षमता प्रयोगशाळेत मोजली होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्यात चांगला आकडा ९८.६ टक्के आला. चेनच्या तिरकेपणाचा कार्यक्षमतेवर परिणाम नगण्य निघाला, आणि मोठ्या चकत्यांवर शक्ती कमी वाया जाते हे दिसलं. म्हणजे ‘चेन तिरकी झाली की निम्मा दम वाया’ हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्यात फारसा दम नाही. छोट्याशा चढावर अर्धा मिनिट मोठ्या-मोठ्या जोडीत काढला तर काही बिघडत नाही. शर्यतीतले पट्टीचे सायकलपटू हे सर्रास करतात. फरक एवढाच की त्यांची चेन दुसरं कोणीतरी बदलून देतं.

मग मोठी-मोठी टाळायची कशासाठी? झीज होतेच, आवाज होतोच, पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. त्या जोडीत तुमच्या हातात पुढची चाल उरत नाही.

हे मी चढावर शिकलो. रस्ता हळूहळू वर जात होता, आणि मी मोठी चकती न सोडता मागे एक-एक चकती वर सरकत होतो. १९, २१, २३, २५, आणि शेवटी २८. हुकमाची सगळी पानं खेळून झाली, आणि नेमकं तिथे वळणापलीकडे चढ उभा राहिला. मागे गियर नाही. पुढची चकती उतरवायची म्हणून सगळं वजन पॅडलवर असतानाच लिव्हर दाबली. चेन खाली आली ती लहान चकतीवर न थांबता थेट फ्रेमवर. पाय रिकामे फिरले, सायकल जागच्या जागी थांबली आणि बूट पॅडलला अडकवणारी क्लीट सुटायच्या आत मी आडवा. चेनवर झीज किती झाली ते नाही मोजलं. गुडघ्यावरची मोजली.

असं का झालं ते सांगतो. मागचा डिरेल्युअर चेनला खालच्या, सैल बाजूने ढकलतो, म्हणून मागचे गियर थोड्या जोरातही बदलतात. पुढचा डिरेल्युअर मात्र वरच्या बाजूला ढकलतो, जिथे तुमच्या पायाचा सगळा ताण चेनमध्ये उतरलेला असतो. ताणलेली दोरी बाजूला सारून बघा, तसंच ते. त्यामुळे पुढचा गियर बदलताना पाय अर्ध्या-एक फेऱ्यापुरता हलका करावाच लागतो. उभ्या चढावर, वेग मेलेला असताना, पाय हलका केला की सायकल थांबते. म्हणून हा बदल चढ सुरू व्हायच्या आधी, वेग हातात असताना करायचा. मोठ्या-मोठ्या जोडीपर्यंत ताणत गेलेला माणूस नेमकी हीच वेळ गमावतो.

पण पुढची चकती लोक उशिरा बदलतात त्याला कारण आहे. तो बदल दणका देतो. ५० वरून ३४ वर आलात की गियर एका फटक्यात ३२ टक्क्यांनी हलका होतो. मागे एकेका चकतीचा फरक साधारण ७ ते १३ टक्के असतो, त्याची पायांना सवय. अचानक पाय पंख्यासारखे फिरायला लागतात आणि बसल्या जागी आपण उसळतो. उपाय असा की दोन्ही हातांनी एकदम काम करायचं. समजा तुम्ही ५० आणि २३ वर आहात, म्हणजे २.१७. पुढे ३४ वर उतरताच मागे तीन चकत्या जड करून १७ वर या. झाले २.००. पायांना वाटेल की नेहमीसारखा एकच गियर हलका झाला. चढ अगदी तोंडावर आला असेल तर दोनच चकत्या जड करा, १९ वर १.७९ मिळेल. परत वर जाताना हेच उलट: ३४ आणि १७ वरून ५० वर चढवलं की गियर जवळपास दीडपट जड होतो, म्हणून सोबत मागे दोन-तीन चकत्या हलक्या करायच्या. पहिले काही दिवस डावा-उजवा गोंधळ होतो. आठवड्याभरात बोटं आपोआप करतात.

या मांडणीपुरती माझी वहिवाट सांगतो. मोठ्या चकतीवर असताना ११ पासून २३ पर्यंत बिनधास्त. २५ आलं की पुढे काय आहे ते बघायचं आणि चढ असेल तर उतरायचं. २८ फक्त निभावून नेण्यापुरतं. लहान चकतीवर २८ पासून १४ पर्यंत. १३ लागलं की मोठीवर जायची वेळ झाली. १२ आणि ११ या चकतीवर माझ्यासाठी अस्तित्वातच नाहीत. त्यात गमावण्यासारखंही काही नाही. ३४ आणि ११ म्हणजे ३.०९. मोठ्या चकतीवर १७ ला २.९४ मिळतात आणि १५ ला ३.३३. तिची जागा या दोघांच्या मधोमध येते, आणि त्या दोन्ही जोड्यांत चेन जवळपास सरळ असते. तुमच्या सायकलवर ५२-३६ असेल किंवा मागे ३२-३४ दात्यांची चकती असेल तर आकडे हलतील, रीत तीच राहील. एकदा कागदावर भागाकार करून बघा. पूर्वी बरेच जण असा तक्ता लिहून हँडलजवळ चिकटवत असत.

मधल्या पट्ट्यात मात्र दोन्ही चकत्यांवर मुभा आहे, आणि तिथे लोक अहंकाराने निवड करतात. ताशी २५ किलोमीटरला, ९० च्या लयीत, साधारण २.२ चा गियर लागतो. तो मोठ्या चकतीवर २३ ला मिळतो आणि लहान चकतीवर १५ ला. यातली सरळ वाट दुसरी. तरीही सपाट रस्त्यावर लहान चकतीवर दिसणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. जणू ती फक्त घाटासाठी आणि आजारपणासाठी ठेवली आहे. रस्ता वरखाली असेल आणि वेग २२ ते २७ मध्ये घुटमळत असेल तर खुशाल लहानीवर राहा. सलग ३० च्या वर जायला लागलात की मोठी.

आवाज हा सगळ्यात चांगला शिक्षक. गियर बदलल्यावर एकसारखी घासण्याची कुरकुर सुरू झाली तर बहुधा चेन पुढच्या डिरेल्युअरच्या पत्र्याला लागते आहे. पुष्कळ शिफ्टरमध्ये यासाठी अर्ध्या टप्प्याची सोय असते, तिला ट्रिम म्हणतात. लिव्हर पूर्ण न दाबता हलकीच टिचकी दिली की पत्रा एखादा मिलिमीटर सरकतो आणि आवाज थांबतो. कित्येक जण वर्षानुवर्षं सायकल चालवतात आणि त्यांना ही टिचकी माहीत नसते. पण आवाज थांबला म्हणजे चेन सरळ झाली असं नाही. पत्रा बाजूला झाला, इतकंच. इलेक्ट्रॉनिक गियरमध्ये, म्हणजे शिमानोने २००९ मध्ये आणलेल्या डीआय-टू पासून पुढे, हे सरकणं मोटर स्वतःच करते, आणि काही प्रणाली लहान-लहान जोडी लागूच देत नाहीत. छान सोय आहे. फक्त चेन तिरकी असल्याचा इशारा देणारा तो आवाज त्यात हरवला.

चेनच्या लांबीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे चूक महागात पडते. मोठी-मोठी जोडी तुम्ही कधीच वापरणार नसाल तरी चेन त्या जोडीला पुरेल इतकी लांब असलीच पाहिजे. थकलेल्या माणसाचं बोट कधी ना कधी तिथे जातंच. चेन आखूड असेल तर तो एक चुकीचा दाब डिरेल्युअर किंवा तो जिथे लटकतो तो हँगर मोडून ठेवतो, आणि मोडलेला डिरेल्युअर आऱ्यांत गेला तर चाकही. उलट चेन लहान-लहान जोडीत थोडी लोंबली तर फार फार तर खडखडाट होईल. तेव्हा मागे मोठी कॅसेट बसवलीत की चेनची लांबी पुन्हा तपासा. डिरेल्युअर एकूण किती दात्यांचा फरक झेलू शकतो याचा आकडा ठरलेला असतो. आपल्या उदाहरणात तो फरक ३३ होता, मागे २८ ऐवजी ३४ लावलं की ३९ होतो, आणि आखूड पिंजऱ्याचा डिरेल्युअर तिथे हात टेकतो.

पुढे एकच चकती असलेल्या सायकलींना हा प्रश्न नाही, असं समजू नका. तिथे चेन मधल्या चकतीसमोर सरळ ठेवतात आणि दोन्ही टोकांना ती तिरकी होतेच. आलटून-पालटून रुंद आणि अरुंद दाते करून चेन निसटू दिली जात नाही, पण कोन चुकत नाही. सोयीसाठी दिलेली ती किंमत आहे. गंमत म्हणजे एके काळी चेन सरळच असायची. तूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत स्पर्धकांना डिरेल्युअर वापरायची परवानगीच नव्हती. हबच्या दोन बाजूंना दोन चकत्या असत, आणि घाटाच्या पायथ्याशी उतरून, मागचं चाक काढून, उलटं करून बसवायचं. चेन सरळ, माणूस घामाघूम.

घरी एकदा हे करून बघा. मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल स्टँडवर लावा, हाताने पॅडल फिरवा आणि ५०-२८ वर न्या. डिरेल्युअरचा पिंजरा पुढे किती ताणला जातो ते पाहा. मग ३४-१९ वर या. चाकाचा वेग तोच राहील, पण पिंजरा निवांत लटकेल आणि पुढची कुरकुर बंद होईल. शेवटी ३४-११ वर नेऊन खालची चेन बोटाने हलकेच वर उचला, मात्र पॅडल पूर्ण थांबल्यावरच. चालत्या चेनमध्ये बोट घालायचं नाही.